मी गिळलेले अक्षर

माझा लाल काटा नेमक्या आकड्यापेक्षा तांदळाच्या दाण्याइतका उजवीकडे थांबतो. कोल्हापूर केंद्र तिथेच सर्वांत स्वच्छ लागते. मित्रांनो, मी धोंडुबाईंच्या गोठ्यातला जुना रेडिओ आहे.

घरात टीव्ही आला, मग मोबाईल आले, आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. वाईट वाटले. पण माझी गाणी लागल्याशिवाय चंद्री म्हैस पान्हा सोडत नाही, हे लवकरच सर्वांना कळले. "पोरांपरास ह्योच कामाचा हाय," असे धोंडुबाई कौतुकाने म्हणत. माझे सेल बदलायचे मात्र कुणाला आठवत नसे.

परवाच्या पुरात वीज गेली, मोबाईल मुके झाले आणि सगळे घर माझ्याभोवती जमले. बंधाऱ्यावर पाणी पंचेचाळीस फुटांना पोचले की आमचा रस्ता बुडतो. मग माणसे नावेतून जातात. चंद्री नावेत कशी बसणार? तरी निघायचा विषय काढला की धोंडुबाई सकाळपासून "बघू की, थांबा जरा" म्हणत होत्या.

केंद्रातून निवेदिका पूर्णिमाताई थेट बोलत होत्या. त्या म्हणाल्या, "बंधाऱ्यावर पाणी त्रेचाळीस फूट." माझे सेल थकलेले होते. पहिले अक्षर मी गिळले. गोठ्यात नुसते "चाळीस" उमटले.

"चाळीसच हाय की! वर्षे, च्या टाक," धोंडुबाई सुनेला म्हणाल्या.

"आत्ती, काल सांजचं एकेचाळीस होतं. उतरलं व्हय?" वर्षाराणीने विचारले.

"उतरलं असंल. नदीला बी अक्कल असती."

मला ओरडावेसे वाटले. पण रेडिओला स्वतःचा आवाज नसतो.

पाचच मिनिटांत पूर्णिमाताई हसत म्हणाल्या, "आत्ताच एका गावातून फोन आला. तिथल्या पावण्यांना चाळीस ऐकू आलं, ते निवांत जेवायला बसलेत! तेव्हा आकडे सुटे सांगते. चार, तीन. त्रेचाळीस. आणि पाणी चढतंय."

थेट बोलणाऱ्याला असे मागे वळून सांगता येते. ते दोन छोटे शब्द मी जपून, अगदी स्पष्ट बाहेर सोडले. मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर पावसाळ्याआधी त्याचे सेल तेवढे बदला.

चंद्रीचे रवंथ थांबले. धोंडुबाई उठल्या, त्यांनी मला खुंटीवरून काढले, पदराने पुसले आणि माझा पट्टा चंद्रीच्या शिंगाला अडकवला.

"च्या ऱ्हाऊ दे वर्षे," त्या म्हणाल्या. "सोड चंद्रीला. निघायचं!"