सिमेंटच्या आतली भिंत

मित्रांनो, त्या दिवशी नानांग बासिलिसा माझ्या, म्हणजे या भिंतीच्या, सावलीत बसून चाफ्याची वाळकी पानं गोळा करत होती. नानांग म्हणजे आमच्याकडे आई, पण तिला सारं गावच तशी हाक मारायचं. गावचा मुखिया इसिद्रो वाटेत थांबला.

"नानांग, आता तरी बस की निवांत. सिमेंटच्या भिंतीला काय करावं लागतं?"

"काहीच नाही, म्हणून तर एकटी बसलेय. चुना असता तर माझी नोर्मिता आली असती. सिमेंट आलं आणि पोरगी यायची थांबली."

"मग लावू या पुन्हा चुना!"

"लाव ना. शिडी तुझं पोट पेलते का, ते बघ आधी."

दोघंही हसली. उठताना तिनं माझ्यावर हात टेकला आणि घरी गेली. सकाळी ती उठलीच नाही.

मनिलाच्या उत्तरेला, इलोकोसच्या किनाऱ्यावर, दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलची मी दर्याकडची भिंत. इथल्याच लोकांच्या पणज्यांनी प्रवाळाचे दगड वाहून आणले, शिंपले भाजून चुना केला, त्यात उसाची काकवी घातली आणि मला उभं केलं. दर्याचा ओलावा मी पीत असे आणि चुन्यातून पुन्हा वाऱ्यावर सोडून देत असे. माझा श्वासच तो.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस येई. त्याआधी मला चुना लावायला सारं गाव जमे. प्रत्येक घराचा आपापला पट्टा ठरलेला असे. "तुझा कुंचला माझ्या हद्दीत आला!" म्हणून बायका भांडत, पोरांच्या भुवया पांढऱ्या होत. होड्या लांबून मला ओळखत. दाराजवळचा पट्टा बासिलिसाचा आणि तिच्या लेकीचा. नोर्मिता मनिलाला शिक्षिका झाली, तरी चुन्याच्या दिवशी हजर असे.

मग एका वर्षी तिनं सिमेंटची पोती पाठवली. चुन्यानं आईची बोटं फाटतात, असं तिनं कळवलं होतं. गाव खूश झालं. मला वरपासून खालपर्यंत गुळगुळीत लिंपलं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पुढच्या वर्षी कुणी आलं नाही. येण्याचं कारणच उरलं नव्हतं.

ओलावा मात्र येतच राहिला. त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. मीठ आत फुगत गेलं, दगडाचं पीठ होत गेलं. बाहेरून मी नवी दिसत होते. मित्रांनो, भिंतीला ओरडता येत नाही.

बासिलिसाची शवपेटी आणली, तेव्हा इसिद्रो दारात हात पसरून उभा राहिला.

"आत नाही. भिंत पोटातून फुगलीय. सकाळी तुळई खचली."

"चॅपेलात न टेकवता नानांगला पुरायचं?" एक म्हातारी कडाडली. "ती काय वाटेवर मेलेली कुत्री आहे?"

"आणि चार माणसं दबली तर? तू येतेस का खाली उभी राहायला?"

नोर्मिता पुढे आली. तिनं माझ्यावर तळहात ठेवला. सिमेंटचा पापुद्रा सुटून खाली पडला आणि आतलं पीठ तिच्या पायांवर भुरुभुरु सांडत राहिलं. ती बराच वेळ त्याकडे बघत होती.

"बाहेरच ठेवा," ती म्हणाली. "घंटाही वाजवू नका."

घंटेच्या हादऱ्यानं मी कोसळले असते. इतक्या पिढ्यांच्या मृतांवर मी छप्पर धरलं, आणि जिनं मला जन्मभर रंगवलं तिला क्षणभर सावली देता आली नाही. बासिलिसा उन्हात होती. मी सारा जोर लावून उभी होते, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मित्रांनो, तुमच्या गावात अशी जुनी भिंत असेल, तर तिला घट्ट बांधून निर्धास्त होऊ नका. तिला मोकळा श्वास घेऊ द्या. वर्षातून एकदा तिच्यापाशी या, हात लावा, हात मळू द्या. माझ्यासाठी आता उशीर झाला आहे.

शवपेटीवर आसू पडू द्यायचे नाहीत, ही आमची रीत. म्हणून नोर्मिता दोन पावलं मागे उभी राहिली. सारे ऐकत असताना ती मोठ्यानं बोलली,

"नानांग, तुझ्या हातांसाठी सिमेंट पाठवलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. दर वर्षी यायचे, तेव्हा तू आणखी थोडी म्हातारी झालेली असायचीस. मला ते बघवत नव्हतं, गं. म्हणून पाठवलं."