कुंताने सही का केली नाही

माझी बायको कुंता वारल्यावर पाचव्या महिन्यात आमच्या वकील अंजू मॅडमचा फोन आला. भंडाऱ्याच्या लोकअदालतीत आमचं प्रकरण मिटण्यासारखं होतं. कुंताच्या जागी आता वारस म्हणून माझी सही हवी होती.

प्रकरण अडतीस वर्षांचं. माझे सासरे श्यामराव यांची धानाची जमीन कालव्यात गेली. तिचे पैसे कोर्टात जमा झाले, ते व्याजासकट नऊ लाखांवर गेले. सासऱ्यांच्या पहिल्या बायकोचा मुलगा हिरालाल म्हणे, सगळे माझे. पहिली वारल्यावर सासऱ्यांनी पंचफुला नावाच्या विधवेशी पाट लावला होता, म्हणजे पुनर्विवाह केला होता. कुंता त्या दोघांची मुलगी.

हिरालालने तीनदा तडजोडीला पैसे देऊ केले. दर वेळी आकडा वाढवला. कुंताने तिन्ही वेळा नाही म्हटलं. मी कारण विचारलं की म्हणायची, "तुमाले नाही समजणार." भाजीवालीशी कधी भाव न करणारी बाई इथेच का अडली, हे मला जाणून घ्यायचं होतं. पैशांपेक्षा त्यासाठीच मी दिघोरीहून एसटी धरली.

मॅडमने कागद पुढे केला. चार लाख आमचे, बाकी हिरालालचे.

"इथे सही करा, काका."

"पहिले सगळा वाचून दाखवा."

"नेहमीचंच आहे हो."

"तरीबी वाचा."

तिने वाचलं. चौथं कलम असं होतं: पंचफुला ही श्यामराव यांची पत्नी होती हे मान्य नाही, रक्कम केवळ माणुसकी म्हणून देण्यात येत आहे.

"हे आधीच्या कागदातबी होतं?"

"तिन्हींत. इथपर्यंत आलं की कुंतामावशी पेन खाली ठेवायच्या."

हिरालाल समोरच बसला होता. मी त्याला म्हटलं, "हे काढ. पाटाची बायको होती असं लिही. मी तीन लाखच घेतो."

"एका ओळीचे लाख रुपये? येडा झाला का, सुखराम?"

"मंग दोन घेतो."

"अन् नाही म्हटलं तं?"

"तं पुढची तारीख. मले घरी काय काम हाये?"

त्याचा वकील त्याची बाही ओढू लागला, फायदाच आहे म्हणून. हिरालालने हात सोडवून घेतला.

"पाटाच्या जेवणाले मी होतो," तो म्हणाला. "आठ वर्साचा. बुंदी वाढली मीनं. मायच्या जागी आली म्हणून लय राग होता मले."

"मंग लिही तसं."

"लिवतो. पण चार लाखच घ्या लागन तुले. बहिणीचा हिस्सा मारला म्हणतीन लोक."

मॅडमने ओळ बदलली. सह्या झाल्या. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तेरवीले मले सांगावा नाही आला."

"नातं कुठी मानत होता तू?"

 त्याने विचारलं, "राख कुठी शिरवली?"

"वैनगंगेत. कारध्याच्या पुलाजवळ."

"चाल मंग. पाणी देऊन येऊ."

ऑटोत तो सारखा विचारत होता. कुंता शाळेत कितवीपर्यंत गेली, तिला कोणती भाजी आवडायची, रागावली की बोलायची की गप्प बसायची. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं.

"अन् हसे तं माह्यासारखी दिसे का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. अडतीस वर्षांत मी त्याला हसताना पाहिलंच नव्हतं.