आतली खोली

सूनबाईने फोन स्पीकरवर टाकला, पाण्याच्या बाटलीला टेकवून टेबलावर उभा केला आणि दोन्ही हात लॅपटॉपसाठी मोकळे करून घेतले. पलीकडच्या ट्रॅव्हल एजंटाला तिने नुकतंच गप्प केलं होतं. नव्या बोटीचं भाडं तो म्हणत होता तसं सगळं धरून नव्हतंच. जेवण धरून होतं, पण वरच्या मजल्यावरच्या चांगल्या हॉटेलातलं वेगळं, इंटरनेट वेगळं, आणि बोटीवरच्या नोकरांची टिप तर माणशी, रोजच्या रोज, न विचारता बिलात चढणार होती.

“मॅडम, तुम्ही आमच्याकडे नोकरीलाच या,” एजंट म्हणाला.

तिला बरं वाटलं. अशी शाबासकी तिला नवी नव्हती. फ्रिज घ्यायचा असो की पोरांसाठी कॉलेज शोधायचं असो, नात्यातली माणसं आधी हिला फोन करायची. नवऱ्याने तिचं नाव ‘चौकशी खिडकी’ ठेवलं होतं आणि ते सासर-माहेर दोन्हीकडे रुळलं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, त्या निमित्ताने बोटीने फिरून यायचं ठरलं आणि चौकशी खिडकी महिनाभर उघडी राहिली. तिने तीन कंपन्या पालथ्या घातल्या. पहिलीच्या बोटी जुन्या, गालिचे विटलेले, पण जेवणाचं सगळे नाव काढत होते. दुसरी स्वस्त, पण तिच्या बोटीवर लोक म्हणे सकाळीच पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा धरतात आणि नाश्त्याला निघून जातात. तिसरीची बोट कोरी करकरीत, याच वर्षी पाण्यात उतरलेली. तिच्यावर थिएटर होतं, बर्फावर घसरायची जागा होती, गच्चीवर सहा मजली घसरगुंडी होती. हे सगळं करून झाल्यावर समुद्राकडे बघायला कुणाला सवड मिळणार, असं नवरा म्हणाला होता. तरी तीच ठरली.

आता खोल्यांचं ठरायचं होतं. दोघांसाठी बाल्कनीची खोली तिने आधीच सांगून ठेवली होती. एजंटाने कर्तव्य म्हणून सुचवून पाहिलं की आतली घेतली तर जवळजवळ निम्म्यात काम होईल, झोपण्यापुरतंच तर जायचं असतं.

“छे छे, आतली नको,” ती म्हणाली. “खिडकी नसलेल्या खोलीत आठ दिवस? जीव घुसमटेल माझा. कोंडून घातल्यासारखं.”

“बरोबर आहे. आणि तिसऱ्या पॅसेंजर?”

तिसरी म्हणजे नवऱ्याची आत्या. त्याची आई तो लहान असतानाच गेली आणि या आत्याने, लोकांच्या कपड्यांना रफू करून, त्याला वाढवलं. लग्न झालं तेव्हापासून ती त्यांच्याकडेच होती. ती आली नाही तर मीही येणार नाही, असं नवऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि सूनबाईनेही नाक मुरडलं नव्हतं. ती काही वाईट बाई नव्हती. आत्याच्या गोळ्या तीच आठवणीने आणायची. पण बोटीवर एकट्या माणसालाही पूर्ण खोलीचं, म्हणजे दोघांचं भाडं पडतं, हे कळल्यावर तिने आत्यासाठी आतली खोली बघून ठेवली होती.

एजंटाने त्यातही एक सोय सांगितली. या नव्या बोटीच्या आतल्या खोल्यांत भिंतीवर टीव्हीसारखा, खिडकीएवढा पडदा असतो. बाहेर कॅमेरा लावलेला असतो आणि त्यातून समुद्र दिसतो, आत्ताचा, जसा असेल तसा. कडेला खोटे पडदेही सोडलेले असतात. मग तो जरा चाचरला.

“मॅडम, एक विचारतो. वयस्कर माणसांना कधी कधी त्रास होतो बंद खोलीत. दिवस आहे की रात्र तेच कळत नाही. भलत्या वेळी उठून, तयार होऊन बसतात. परत आल्यावर आम्हाला ऐकून घ्यावं लागतं, म्हणून आधीच विचारलेलं बरं.”

“नाही हो, त्यांचं तसलं काही नाही,” सूनबाई यादीतली पुढची ओळ बघत म्हणाली. “घरीपण त्यांची खोली आतलीच आहे. खिडकी नाहीच तिला. सवय आहे त्यांना.”

फोनमधून काहीच आवाज आला नाही. रेंज गेली असं समजून तिने दोनदा हॅलो म्हटलं.

“हो, आहे ना,” एजंट म्हणाला. आणि मग थोड्या वेळाने, “बरं.”

आठवडाभर रोज बोलून तिला त्याचे सगळे ‘बरं’ पाठ झाले होते. घासाघीस सुरू झाली की लांबवलेला, पैसे भरायची गोष्ट निघाली की लगबगीचा. हा त्यातला नव्हता. ज्या माणसाने कधी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं, तो तिला काहीतरी बोलायचं टाळत होता. आपण काय बोललो ते तिच्या तेव्हा लक्षात आलं. उद्या दुपारी कळवते, असं कसंबसं सांगून तिने फोन बंद केला आणि मान वर केली, तर स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती. हातात मटारचं ताट.

“टरफलं कशात टाकू गं?” आत्याने विचारलं.

“टाका कुठेही,” सूनबाई म्हणाली, आणि मग, “द्या इकडे, मी टाकते.”

ऐकलं का, नाही का, काही कळायला मार्ग नव्हता. आत्याचा चेहरा नेहमीसारखा होता. तिने ताट दिलं, हात पुसले, बोटीवर कपडे धुवायची सोय असते का ते विचारलं. असते, पण प्रत्येक कपड्याचे पैसे लावतात, असं सूनबाईने सांगितलं. मग आपण हातावरच धुऊ, असं म्हणत आत्या आपली शिवणाची पिशवी घेऊन जिन्यात गेली.

जिन्याच्या वळणावर मोठी खिडकी होती आणि सकाळी आत्या तिथे एक स्टूल टाकून बसायची. रफूची कामं तिने कधीच सोडली होती, पण ओळखीतलं कुणी ना कुणी अजून एखादा कोट, एखादी शाल आणून द्यायचं. येणारी-जाणारी माणसं तिच्याशी दोन शब्द बोलायची. ‘आत्याचं ऑफिस’ म्हणायचे घरात त्या जागेला. तिला गप्पांची हौस, म्हणून ती तिथे बसते, असंच सूनबाई धरून चालली होती. आज तिला आठवलं की आत्या निळ्या धाग्याची चार छटांची रिळं घेऊन जायची आणि कापडाशेजारी एकेक धरून उजेडात बघायची.

तिने मनाशी भांडून पाहिलं. आत्याला तिथे कुणी ढकललं नव्हतं. मुलगी दहावीला होती तेव्हा अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी झाली, आणि आत्याच म्हणाली होती, मी जाते आत, मला काय, वर्षभराचा तर प्रश्न. ती खोली खरं तर सामानाची. वर छताशी एक झरोका, तोही बाथरूमच्या डक्टमध्ये उघडणारा. मुलगी दहावी पास झाली, बारावी झाली, शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. आता ती वर्षातून दोनदा येते आणि आली की रात्री हॉलमध्येच टीव्हीसमोर झोपून जाते. आत्या आतच राहिली. तिला आत घालणारं कुणी नव्हतं हे खरं, पण बाहेर ये म्हणणारंही कुणी निघालं नाही.

आणि पोरीची ती खोली? तिथे नवऱ्याने हौसेने घेतलेली व्यायामाची सायकल होती. तिच्यावर आता त्याचे इस्त्रीचे शर्ट टांगलेले असायचे. खिडकीशी कपडे वाळत घालायचा स्टँड होता, कारण सकाळभर तिथे ऊन यायचं. घरातल्या पायमोज्यांनाही ऊन मिळत होतं. सूनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यावर तिच्या मनाने तिला सोडलं नाही. भलत्या वेळी उठून तयार होऊन बसतात, हे एजंटाचं वाक्य तिला चिकटून राहिलं. दोन वर्षांपूर्वी आत्याने एकदा सगळ्यांसाठी चहा टाकला, कप भरून टेबलावर मांडले आणि हाका मारल्या. घड्याळात दीड वाजला होता, रात्रीचा. हसून हसून मुरकुंडी वळली होती सगळ्यांची. नवऱ्याने तो किस्सा किती लोकांना सांगितला असेल, आणि मोक्याच्या जागी तो थांबला की पुढचं वाक्य सूनबाई पुरवायची. आत्याही सगळ्यांबरोबर हसायची. दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन एक मोठ्या काट्यांचं घड्याळ आणून उशाशी ठेवलं होतं, तेही तिला आत्ताच आठवलं.

आत्या अजून जिन्यातच होती. सूनबाई आतल्या खोलीत गेली. रोजच केर काढायला ती इथे यायची, पण दार लावून कधी उभी राहिली नव्हती. तिने दार लावलं आणि दिवा मालवला. बाहेर टळटळीत दिवस होता, आणि इथे स्वतःचा हातही दिसत नव्हता. घड्याळाची टिकटिक तेवढी होती. पुन्हा दिवा लावायला गेली तर बटण सापडेना. भिंत चाचपताना कसला तरी डबा खाली पडला आणि ती इतकी घाबरली की दारच ओढून बाहेर आली. मग लाजेने चूर होऊन, आत्या यायच्या आत, खाली सांडलेल्या सुया आणि बटणं गुडघे टेकून गोळा करत बसली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला एजंटाशी झालेलं बोलणं सांगितलं, फक्त स्वतःचं ते ‘सवय आहे त्यांना’ सोडून. ते तिच्या तोंडून बाहेर पडेना. आत्यालाही खिडकीची खोली घेऊ या, एवढंच ती म्हणाली. घे ना, तो म्हणाला, पण ती नकोच म्हणेल बघ. त्याचं खरं होतं. आत्या नको म्हणणार हे या घरात सगळ्यांना माहीत असायचं. नवी चादर नको, डॉक्टर नको, शेवटची पोळी नको. त्या नकोवर निम्मा संसार सुखाने चालला होता. सूनबाईने हे मनाशी कबूल केलं, आणि त्याबरोबर हेही, की आत्ताही तिला त्या नकोचाच आधार वाटतो आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती आत्याच्या खोलीत गेली. ट्यूबलाइट लावून आत्या पलंगावर बसली होती, मांडीवर कुणाचा तरी कोट, हातात सुई. एजंटाचा फोन येणार आहे, असं सांगून सूनबाई म्हणाली, “आत्या, बोटीवर तुम्हालाही खिडकीचीच खोली घेते. मी काल उगाच...”

पुढचं आत्याने तिला बोलू दिलं नाही.

“बोटीवर आतलीच असू दे. आठ दिवस तर जायचं. मी दिवसभर वर जाऊन बसेन. समुद्र तिथेच असणार ना?”

सूनबाईच्या छातीवरचा दगड उतरला. झालं ते निभावलं. आत्याने ऐकलं असेलही, पण मनाला लावून घेतलं नव्हतं. तिने उठता उठता, निघालेल्या पाहुण्याला ‘बसा की अजून’ म्हणतात तसं म्हटलं, “आणि इथलीही बदलू या का? पोरीची खोली तशी रिकामीच असते.”

बोलताना ती दाराकडे वळलीही होती.

“कधी?” आत्याने विचारलं.

सूनबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “म्हणजे, बोटीवरून परत आल्यावर. सावकाश.”

“आज चालेल का तुला?”

चालेल, सूनबाई म्हणाली. आत्याने सुई कोटाच्या अस्तरात टोचून ठेवली, कोट बाजूला केला आणि उठली. गुडघ्यांवर हात देऊन, आई गं करत उठायची तिची रीत, पण आज ती सरळ उठली आणि गादीवरची चादर ओढायला लागली.

“सुट्टी संपवून पोरगी गेली ना, की दर वेळी वाटायचं,” ती चादरीची टोकं जुळवत म्हणाली, “आता म्हणशील.”

रागाने म्हणाली असती तर सूनबाईला रडता तरी आलं असतं, निदान काही बोलता आलं असतं. आत्या बाजारात भाजी बरी होती म्हणून सांगावं तसं म्हणाली, आणि घडी पुढे केली.

ती छातीशी धरून सूनबाई पोरीच्या खोलीत गेली. हॉलमध्ये फोन वाजत होता. तिने घडी खिडकीत ठेवली आणि सायकलवरचे शर्ट काढायला लागली. घाईने ओढताना हँगर एकमेकांत अडकले, सुटेनात. मागे वळून बघायचा तिला धीर होत नव्हता. आत्या उशी घेऊन दाराशी येऊन उभी राहिली होती, जागा मोकळी व्हायची वाट बघत.