रंभाबाईचे शब्द

मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्याच वर्षी बऱ्हाणपूरच्या कोकिळाबाईंनी आपली पहिली गोष्ट लिहिली. त्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. गोष्ट होती शाहपूरच्या रंभाबाईची: तापीला पूर आलेला, सून अडलेली, तेव्हा म्हशीचं शेपूट धरून पैलतीरी गेलेली आणि सुईणीला होडीत घालून आणलेली बाई.

पुण्याच्या मासिकाकडून गोष्ट परत आली. सोबत दोन ओळी होत्या: ‘प्रसंग उत्तम. भाषा शुद्ध करून पाठवावी.’

कोकिळाबाईंना आधी शरमच वाटली. आपल्याकडची मराठी खानदेशी वळणाची, वर हिंदीची सरमिसळ. पुण्यात ती कशी चालावी? महिनाभर त्या एकेक वाक्य घासत बसल्या. कागदावर सगळं नीटनेटकं झालं, पण वाचताना पुराचं पाणी काही अंगाला लागेना. चुकतंय कुठे, ते मात्र सापडत नव्हतं. शेवटी रविवारी त्या शाहपूरला गेल्या आणि केळीच्या बागेत बसून रंभाबाईला गोष्ट वाचून दाखवली.

“‘ईश्वराचे स्मरण करून मी प्रवाहात प्रवेश केला,’” त्यांनी वाचलं.

“हे कोन व्हय, मास्तरीनबाई?” रंभाबाईने विचारलं.

“तुम्हीच की.”

“मी त अशी बोलत नाही. मी म्हनली होती, म्हैस बुडली त मी बी बुडीन, पन सून वाचली पाहिजे.”

कोकिळाबाईंनी तिथेच पेन्सिल काढली. रंभाबाई सांगत गेली, त्या लिहीत गेल्या. वाक्यं आपोआप चालू लागली. इतका आनंद त्यांना लिहिताना कधी झाला नव्हता.

नवी प्रत पाठवताना त्यांनी संपादकांना लिहिलं, ‘ही बाई आमच्याकडे अशीच बोलते. तिचे शब्द बदलायचे असतील, तर गोष्ट छापू नये.’ पाकीट त्यांनी स्वतः पेटीत टाकलं.

तीन महिन्यांनी अंक आला. एक शब्दही बदललेला नव्हता. खाली छापलं होतं: कोकिळा पाटील, बऱ्हाणपूर. गावाच्या नावावरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं.

त्या अंक घेऊन शाहपूरला गेल्या. ऐकून झाल्यावर रंभाबाई पदर सावरून उठली.

“थांबा,” ती म्हणाली, “सुनेले बोलावते. तिच्यासमोर पुन्हा वाचा.”