ज्याच्या त्याच्या पुराची रेघ

न्हाव्याच्या दुकानात पुराचं पाणी आरशाच्या मध्यापर्यंत आलं होतं आणि भिंतीपलीकडच्या वाण्याकडे थेट पंख्यापर्यंत. मध्ये एकच भिंत, तिलाही ये-जा करायला दार.

"दार बंद होतं का त्या दिवशी?" मोजणीला आलेल्या इंजिनियरबाईने विचारलं.

"उघडंच होतं की," वाणी म्हणाला. "पण पाणीसुद्धा माणूस बघून चढतं, मॅडम."

पूर येऊन तीस वर्षं झाली होती. दर रंगकामाला भिंतीवरची पुराची रेघ पुन्हा काढायची आणि काढताना बोटभर वर सरकवायची, अशी त्या डोंगरातल्या गावाची रीतच पडून गेली होती. शेजाऱ्याची वर गेली की आपली खाली कशी ठेवायची? नगराध्यक्षांची तर छपराला जाऊन टेकली होती. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवरही कुणीतरी हौसेने रेघ ओढून ठेवली होती.

बाईने हे हसण्यावारी नेलं असतं. पण ओढ्याच्या काठाला, पुलाला खेटून, पाळणाघर होतं. गावात बदली होऊन आल्यापासून तिची दीड वर्षांची चिमी तिथेच असायची. आज सकाळीही पोरीने ओढणीचं टोक मुठीत असं घट्ट धरलं, की एकेक बोट उघडून ते सोडवावं लागलं.

पाळणाघर हलवायला तिचं खातं एका पायावर तयार होतं. अट एवढीच, की नव्या जागेत पूर कधी शिरलेला नसावा. आणि अख्ख्या गावात पूर न शिरलेलं घर औषधालाही सापडत नव्हतं. अहवाल पाच वाजेपर्यंत जायला हवा होता. जागा मिळाली नाही तर पाळणाघर आहे तिथेच राहणार.

तीन वाजता ती शेवटच्या घरी पोचली. एकशे बारा पायऱ्या चढून, धापा टाकत. घर टेलर मास्तरांचं. पुढे लांबरुंद उजेडाची खोली, खिडकीशी शिलाई मशीन, आणि भिंतीवर छातीएवढ्या उंचीला रेघ. अगदी सरळ, आणि खाली दोन बोटांवर, शिवणीला सोडतात तशा मायेची बारीक रेघही मारलेली.

बाईने आकडे मांडले. "मास्तर, तुमच्या छातीला पाणी लागलं असेल, तर खाली अध्यक्षांच्या छपरावर चाळीस फूट पाणी हवं."

"असेल. अध्यक्ष मोठा माणूस आहे."

तिने रेघेवर बोट फिरवलं. बोटाला निळी भुकटी लागली. कापडावर खुणा करायचा खडू.

"पुसू नकोस गं बाई!" आतून मास्तरांची आई धावत आली. "कोरडे म्हणायचे आम्हाला. पुराच्या सभेत मागच्या बाकावर बसवायचे. ह्याच्या वडिलांनी जन्मभर खपून ती रेघ गुडघ्यापासून छातीपर्यंत आणली!"

बाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसली. "माझी चिमी अडीच फुटांची आहे," ती म्हणाली. "तुमच्या गावातली खरी रेघ कुठे का असेना, ओढ्याकाठी ती तिच्या डोक्यावरूनच जाते."

मास्तरांनी सवयीने मापांची वही ओढली. पाळणाघरातल्या सगळ्या पोरांचे झबली-फ्रॉक त्यांनीच शिवले होते. पानावरून बोट खाली खाली जात राहिलं. तीन फुटांच्या वर एकही पोर नव्हतं. त्यांनी वही मिटली.

साडेचारला नगराध्यक्ष आले, मागे वाणी, न्हावी आणि निम्मं गाव. आपली रेघ अहवालात नीट चढली की नाही, याची सगळ्यांना काळजी.

मास्तर उभे राहिले. "आमच्याकडे पाणी आलं नव्हतं."

कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

"पायरीला तरी लागलं असेल?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"नाही."

"भिंतीला ओल?"

"थेंब नाही. त्या दिवशी मी इथे बसून एक कोट शिवला. काजंसुद्धा केली."

म्हातारी मटकन खाली बसली. "नाक कापलंस रे वडिलांचं!"

मास्तरांनी फडका भिजवून रेघ पुसली. आधी रेघ, मग खालची माया. बाईने अहवालात जागेच्या रकान्यात पत्ता लिहिला.

पहिला न्हावीच पुढे झाला. "मास्तर... आमची धाकटीसुद्धा बसेल ना इथे?"

"रांगेत या," अध्यक्ष म्हणाले. "आधी माझा नातू."

"का बरं? तुमच्या छपरावर चाळीस फूट पाणी होतं ना?" म्हातारीने खालूनच टोला हाणला. "पोहायला येत असेल त्याला."

पाचला सात मिनिटं असताना अहवाल गेला. चिमीला आणायला बाई भराभर पायऱ्या उतरू लागली, तेवढ्यात वरून मास्तरांची हाक आली.

"अहो ताई, पाळणे किती ते सांगून जा! मशीन कुठल्या कोपऱ्यात सरकवू?"