चिन्नोरच्या ढोलीत मिलो

गयाबाईची तक्रार एकच होती: तिचा धाकटा भैयालाल ताटावर बसून अमेरिका खातो. भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात पोटभर भात शिजत नव्हता, आणि हा पेपर गुडघ्यावर पसरून, घास हातात तसाच धरून, तिकडच्या गव्हाच्या गोष्टी सांगत बसायचा. पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये तो कामाला होता. तिथल्या कुण्या बाबूनं त्याला मागणी-पुरवठा शिकवला, तेव्हापासून घरात कुणी मीठ मागितलं तरी हा म्हणे, मागणी वाढली. सून शेवंता पदराआड हसायची. गयाबाईला हसू येत नसे.

तो सांगे, अमेरिकेत गहू इतका पिकतो की भाव पडतो, म्हणून तिथलं सरकार शेतकऱ्याला वावर पडीत ठेवायचे पैसे देतं. हे गयाबाईनं दोनदा विचारून घेतलं. तिची शाळा दुसरीच्या आतच आटोपली होती, पण पडीत वावराच्या मालकाला गावात कुणी रामराम घालत नाही एवढं तिला ठाऊक होतं. पुढं तो सांगे, की तिकडे उरलेलं धान्य ते आपल्याला धाडतात, आणि यंदा अगदी महिन्या-महिन्याचं मोजून धाडून राहिले. जहाज अडलं की इकडे दुर्गच्या बाजारात भाव चढतो, जहाज लागलं की उतरतो.

"चढला तवा विकावं, उतरला तवा घ्यावं. एवढंच शास्त्र हाय, माय."

"तुहा बाप हे शास्त्र न शिकताच मेला," गयाबाई म्हणाली, "तरी चार लोक रडले त्याच्यासाठी."

तिरोड्याकडच्या गावात थोरला केवलराम शेती सांभाळत होता. मागच्या पावसाळ्यात आभाळानं पाठ फिरवली आणि धान लोंबीतच वाळला. हाती आलं त्यातून गयाबाईनं खायच्या आधी बियाणं काढलं. चिन्नोरचं. बारीक, शिजला की शेजारच्या घरी वास जाणारा हा धान तिच्या सासूनं राखला होता, सासूच्या सासूनंही. गावात ठेवला तर भुकेली माणसं, आणि तीही आपलीच, एखाद्या दिवशी शिजवून खातील. म्हणून तिनं तो गाडीनं भिलाईला आणला. सिमेंटच्या स्वयंपाकघरात बांबूची ढोली, म्हणजे कणगी, उभी केली, आत कडुनिंबाचा पाला घातला, शेणामातीनं तोंड लिंपलं आणि ओल्या मातीवर आपली बोटं उमटवली. सुनेला बजावलं, चूल पेटली नाही तरी चालेल, हिला हात लागता कामा नये. मग फाल्गुनात लेकीच्या, कांताच्या, बाळंतपणाला ती डोंगरगडला गेली ती चैत्र सरता परतली.

अक्षय तृतीयेला इकडे अक्ती म्हणतात. त्या दिवशी बियाण्याची ढोली फोडायची, मूठभर दाणे देवापुढे ठेवायचे, मग उरलेलं वावराकडे न्यायचं. केवलराम सकाळच्या पॅसेंजरनं दुर्गला उतरून आला. वर्षभरात त्याचे गाल आत गेले होते, पण खांद्यावर पोतं होतं ते स्वच्छ धुतलेलं. आल्या आल्या त्यानं सांगितलं, की आजूबाजूच्या गावांतून कुणाकडेच चिन्नोर उरला नाही, सगळ्यांनी खाऊन टाकला. लोक म्हणतात, तुझ्या मायजवळ आहे ना, मग औंदा तू पेर, पुढल्या साली तुझ्याकडूनच नेऊ. गयाबाईचा ताठ मणका आणखी ताठ झाला.

ती ढोलीपुढे बसली. हळदकुंकू वाहिलं. आणि हात थांबला. मातीवरचे ठसे रुंद होते, पुरुषी.

तिनं खुरपीनं तोंड फोडलं तशी लाल धार तिच्या पदरात सांडली. रेशनच्या दुकानातली ती अमेरिकेची लाल ज्वारी, जिला सगळे मिलो म्हणत आणि नाक मुरडून खात.

भैयालाल गडबडला नाही, हेच तिला जास्त लागलं. त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. जहाजं अडली होती, तांदळाचा भाव माथ्यावर होता, जवळच्याच कोहक्यातल्या एका ठेकेदाराकडे लग्न होतं आणि त्याला बारीक तांदूळ कुठंच भेटत नव्हता. म्हणून विकलं. ढोली रिकामी दिसू नये म्हणून मिलो भरला. आता जहाजं लागली, भाव उतरून राहिला, त्याच पैशात दीडपट बियाणं येईल. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. भाव खरोखरच उतरत होता.

"कोनापासून घेशील?" केवलरामनं विचारलं.

"बजारातून."

"चिन्नोरचं बी बजारात नसते, बाबू. ज्याच्या घरी राह्यते त्याच्या घरून आनावं लागते. औंदा ते या ढोलीत होतं."

भैयालाल खाली सांडलेला मिलो ओंजळीनं गोळा करू लागला. 

गयाबाई उठली आणि भर उन्हात कोहक्याला चालत गेली. ठेकेदाराच्या दारात मांडवाच्या बल्ल्या अजून उभ्या होत्या. घरची बाई भली होती. तिनं गूळपाणी दिलं आणि सांगितलं, की धान तेव्हाच गिरणीत गेला, पण भात काय गोड होता, पाहुणे अजून नाव काढतात. गोठ्यामागं तुसाचा ढीग पडला होता. गयाबाई त्यापुढे बसली, ओंजळीनं तूस वर घेऊन फुंकत राहिली. एखादा भरला दाणा खाली पडेल म्हणून वाट पाहत राहिली. सगळं पोकळ उडून गेलं. तिनं तळहाताचा वास घेतला. वास तेवढा राहिला होता.

ती परतली तेव्हा केवलराम पोत्याची घडी घालत होता. शेवंतानं त्यात मिलो भरून द्यायला पाहिलं, त्यानं नको म्हटलं. पेरायला जाड्या धानाचं बी तरी गावात कुठं होतं, तेही लोकांनी शिजवलंच होतं. तो मायच्या पाया पडला आणि संध्याकाळच्या गाडीला निघून गेला. रिकामं पोतं खांद्यावर तसंच होतं.

भैयालाल ताटावर बसला. पेपर घडीतच बाजूला पडला होता. गयाबाईनं स्वतः मिलोची भाकर त्याच्यापुढे ठेवली, मग तो पेपर उचलून त्याच्या गुडघ्यावर पसरला.

"वाच ना, आता कावून थांबला?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. "अमेरिकेत वावर पडीत ठेवलं त सरकार पैसे देते म्हनतोस. तुह्या भावाचं वावर औंदा पडीत राहीन, तेले कोन देईन? तू हुशार हायेस, भैयालाल. भाव तू सांगितला तसाच उतरला, तुहं काही चुकलं नाही. आता एवढं कर. मी मेली की माहा पिंड याच मिलोचा करजो. कावळा नाही शिवला, त तेले तुहा पेपर वाचून दाखवजो."