मास्कसकट गोल

संध्याकाळी सव्वासहाला भिंगरीने आंतरराष्ट्रीय हॉकीतला आपला पहिला गोल केला. सहा वाजून अठरा मिनिटांनी तो रद्द झाला. मधल्या वेळात तिने अर्ध्या मैदानाला फेरी मारली, कर्णधाराला उचलून घेतलं आणि एका अनोळखी फोटोग्राफरला मिठी मारली.

सामना एक-एक असा बरोबरीत होता आणि समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला होता. अशा वेळी बचाव करणाऱ्या गोलरेषेमागे उभ्या राहतात. चेंडू आत आला की त्यांतली एक फटका मारणारीच्या थेट अंगावर धावून जाते. तोंड शाबूत राहावं म्हणून ती मास्क घालते. हे काम एरवी संघातल्या एका जुन्या खेळाडूचं, तिला सगळ्या ताई म्हणत. पण ताईचा घोटा मुरगळला, म्हणून एकोणीस वर्षांच्या भिंगरीला बोलावणं आलं. हा तिचा पहिलाच सामना होता.

ती सुटली ती बाणासारखी. चेंडू तिच्या स्टिकला लागून पुढे उडाला, ती त्याच्यामागे, आणि समोर सगळं रान मोकळं. दोघींना चकवून तिने चेंडू जाळ्यात घातला. मास्क तोंडावरच होता. कॉर्नर संपला की तो काढायचा असतो. तेवीस मीटरच्या रेषेपलीकडे तो घालून खेळता येत नाही. समोरच्या कर्णधाराने व्हिडिओ तपासायला लावला. मोठ्या पडद्यावर भिंगरी संथ गतीने, मास्कसकट, रेषा ओलांडताना दिसली. एकदा नव्हे, चार वेळा.

सामना बरोबरीत सुटला. परवाचा सामना जिंकला तरच संघ पुढे जाणार होता.

खोलीवर आली तर घरून फोन.

"अगं, तोंड तरी दाखवायचंस!" आई म्हणाली. "शेजारच्या काकू म्हणतात, ती तुमचीच कशावरून?"

"आख्खी गल्ली नाचली," मागून आत्या ओरडली. "मग आख्खी गल्ली खाली बसली. मी अजून उभीच आहे, माझा गुडघा धरलाय."

बाबा बस चालवत. त्यांनी फोन घेतला. "सीटबेल्ट न सोडता उतरायला गेल्यासारखं झालं बघ. होतं असं. परवा खेळवतायत ना?"

"माहीत नाही, बाबा. ताईचा घोटा सुधारला तर नाही."

"मग घोट्याचं काय म्हणणं आहे?"

भिंगरीला हसू आलं नाही. ताईचं वाईट व्हावं असं तिला वाटत नव्हतं. फक्त घोट्याने घाई करू नये, एवढंच वाटत होतं.

सकाळी कोचनी सगळ्यांना बसवून व्हिडिओ लावला. चेंडू अडवला तिथे थांबवला. "इथपर्यंत उत्तम. इथून पुढे काय झालं?"

मागून गोलकीपर बोलली. वय एकतीस, म्हणून संघात तिला सगळ्या आजी म्हणत.

"सर, सरावात इथून पुढे काही असतंच कुठे? चेंडू अडवला की तुम्ही शिट्टी मारता आणि आम्ही मुकाट परत रेषेवर. मास्क काढायची वेळच येत नाही."

"म्हणजे चूक माझी?"

"मी कुठे काय म्हणाले? मी आपली व्हिडिओ बघतेय."

कोचनी व्हिडिओ बंद केला. "सगळ्यांनी मैदानावर चला."

त्या दिवशी पहिल्यांदाच कॉर्नरनंतर शिट्टी वाजली नाही. अडवायचं, पळत पळत मास्क काढायचा, बाजूला टाकायचा आणि पुढे जायचं. भिंगरीला पहिल्या खेपेला पट्टा सापडला नाही, दुसऱ्या खेपेला स्टिकच हातून सुटली. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं. तिने मास्क उपटला, बाजूला भिरकावला आणि गोल केला. मास्क कोचच्या नडगीवर बसला.

"सॉरी सर!"

"वेळेत काढलास," कोच नडगी धरून म्हणाले. "पुन्हा."

तेवढ्यात ताई फिजिओबरोबर मैदानाच्या कडेने पळताना दिसली. आधी हळू, मग वेगात. भिंगरीने तिच्या घोट्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. मैदानावर आता लंगडणारे फक्त कोच उरले होते.

"बघू नकोस तिकडे," आजी पुटपुटली. "तू बघितलंस म्हणून घोटा सुजत नाही."

"मी कुठे बघतेय?"

"मग मान मोडली असेल तुझी. फिजिओला दाखव."

ताई पळणं थांबवून त्यांच्याकडेच आली. भिंगरीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "ए वेडे, गोल भारी होता हं." घोट्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही, आणि विचारायची कोणाची टाप नव्हती.

संध्याकाळी कोचनी उद्याच्या अठरा जणींची नावं सांगायला सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बोलावलं. एकेक नाव घेत ते सतराव्यापर्यंत आले. त्यांत ताई नव्हती, भिंगरीही नव्हती.

"अठरावं सकाळी," ते म्हणाले आणि ताट घ्यायला उठले.

फिजिओ ताईला घेऊन पुन्हा तपासणीच्या खोलीत गेला. सगळ्यांची जेवणं उरकली तरी दार उघडलेलं नव्हतं.